रस्त्याखालच्या मोरीत लावलेला ट्रेल कॅमेरा, चौदा महिने वापरून लिहितोय

मागच्या वर्षी होळीच्या आधी मागवला होता, आता दुसरा वैशाख चालू आहे. मुद्दाम थांबून लिहितोय कारण घेताना मी जे रिव्ह्यू वाचले ते सगळे दोन दिवस वापरून पाच स्टार देणारे होते, आणि जे व्हिडिओ बघितले ते बर्फात कॅमेरा लावणाऱ्या लोकांचे. आपल्या जळगाव-भुसावळच्या 45 डिग्रीत हा डबा कसा वागतो हे कुठंच सापडलं नाही. म्हणून रावेर-यावल पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याला वापरून जे कळलं ते सगळं सांगतो, थोडं लांबेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्रेल कॅमेरा म्हणजे लंचबॉक्सएवढा हिरवट डबा, झाडाला पट्ट्यानं बांधायचा, समोरून गरम अंगाचं काही हललं की आपोआप फोटो नाहीतर व्हिडिओ काढतो, रात्री डोळ्याला जवळपास न दिसणारा प्रकाश टाकून काळापांढरा फोटो. वनखातं वाघ-बिबटे मोजायला लावतं ते कॅमेरा ट्रॅप याच जातीचे, फक्त जास्त दणकट. मला साडेसहा हजाराला पडला, वर 32 जीबीचं कार्ड, आठ चार्जिंगचे सेल आणि चार्जर धरून नऊ हजाराच्या आसपास गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारही आहे आणि एका डब्यावरून सगळ्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही.

आता घेतला कशाला. आमच्या नानांचा केळीचा मळा रस्त्याला लागून आहे आणि मळ्याच्या अंगावरून नाला जातो. आमच्याकडचा भूगोल एकदा डोळ्यासमोर आणा, वर उत्तरेला सातपुडा, खाली दक्षिणेला तापी, आणि सुकी, मोर, भोनक यांच्यासारख्या नद्या आणि त्यांच्यामधले शेकडो बिननावाचे नाले सगळे वरून खाली येतात. आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता बरोबर आडवा, रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा पायथ्याच्या कडेकडेनं जातो, त्याच्या जोडीला रावेर-सावद्याकडून भुसावळ-खंडवा रेल्वे. म्हणजे डोंगरातून पाण्याच्या वाटेनं खाली उतरणाऱ्या प्रत्येक जनावराला हा रस्ता कुठे ना कुठे ओलांडावाच लागतो. नाल्याची वाट त्यांची जुनी आहे, झाडोरा असतो, ओल असते, दिवसा लपायला जागा असते. रस्ता त्या वाटेवर नंतर आला.

त्या आधीच्या हिवाळ्यात मी सकाळी दूध घालायला जाताना रस्त्यावर मेलेली जनावरं मोबाईलमध्ये लिहून ठेवत होतो. कार्तिक ते माघ, चार किलोमीटरच्या पट्ट्यात, तीन रानमांजरं, दोन सायाळ, एक खोकड, एक तरस, आणि साप किती ते मोजणं मध्येच सोडलं कारण रात्री डांबर गरम राहतं म्हणून ते उबेला येऊन पडतात आणि सकाळपर्यंत कागदासारखे चपटे होतात. तरस मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते असं, डिझेलच्या डागाशेजारी, मानेवरचे केस वाऱ्यानं हलत होते म्हणून आधी जिवंत वाटलं. जिथे ते मेलं तिथून नाल्यावरची मोरी दीडशे पावलांवर होती. तेव्हा डोक्यात आलं की खालून वाट असताना हे वरून का गेलं?

मोरी जुनी आहे, काँक्रीटची चौकोनी, दोन मीटरच्या आसपास रुंद आणि उंचीला आपण थोडं वाकून जाऊ शकू एवढी. त्यात कोण शिरतं कोण शिरत नाही हे बघायला कॅमेरा घेतला.

पहिला महिना वाया गेला आणि त्यातला निम्मा दोष माझा. मी कॅमेरा मोरीच्या बाहेर, निंबाच्या झाडाला, छातीएवढ्या उंचीवर, तोंड पूर्वेला करून लावला. कार्डावर पहिल्या आठवड्यात दोन हजाराच्या वर फोटो, सगळे केळीच्या पानांचे. सकाळचं ऊन समोरून आलं की त्याला वाटतं काहीतरी गरम हललं, आणि केळीचं पान तर वाऱ्यावर फडफडतंच, त्यात ते तापलेलं. म्हणून पहिला धडा, तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला करा, समोरची गवताची पाती आणि लोंबणारी पानं विळ्यानं साफ करा, उंची गुडघ्याएवढी ठेवा, आणि वाटेला काटकोनात लावू नका, तिरका लावा, म्हणजे जनावर फ्रेममध्ये जास्त वेळ राहतं, नाहीतर शेपटीचेच फोटो येतात. माझ्याकडे शेपट्यांचा चांगला साठा आहे.

मग एप्रिल लागला आणि फोटो येणंच कमी झालं. मला वाटलं बिघडला. सेल बदलले, कार्ड फॉरमॅट केलं, तरी दुपारी दोन कुत्रे समोरून गेलेले मी स्वतः बघितले आणि कार्डावर काही नाही. हे कोणत्याच रिव्ह्यूत लिहिलेलं नसतं म्हणून नीट सांगतो. आतला सेन्सर नुसती उष्णता ओळखत नाही, उष्णतेतला फरक ओळखतो. मागची जमीन 20 डिग्री आणि जनावराचं अंग 35, तर त्याला ते झटकन कळतं. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन, दगड, हवा सगळं जनावराच्या अंगाइतकंच तापतं आणि मग जनावर त्याच्यासाठी दिसेनासं होतं. खोक्यावर लिहिलेलं वीस मीटर अंतर आमच्याकडे वैशाखात संध्याकाळी सात वाजता चार-पाच मीटरवर येतं, हे मी भाच्याला पुढून चालायला लावून मोजलंय. पहाटे दोन ते पाच थोडं सुधारतं. दुपारी तर नादच सोडा, दुपारचं बघायचंच असेल तर टाइम लॅप्सवर टाका, दर मिनिटाला एक फोटो, सेन्सरचा संबंधच नाही.

यावर उपाय सापडला तो मोरीमुळेच. कॅमेरा बाहेरून काढून मोरीच्या आत, तोंडापासून चार पावलांवर, भिंतीला लोखंडी क्लॅम्प ठोकून लावला. आत सावली, काँक्रीट दिवसभर बाहेरपेक्षा बरंच थंड, त्यामुळे फरक पडतो आणि सेन्सर चालतो. शिवाय पान नाही, ऊन नाही, खोटे फोटो जवळपास बंद. ज्याला उन्हाळ्यात खानदेशात हा वापरायचाय त्यानं सावलीतली अरुंद जागा शोधावी, उघड्या बांधावर लावून पैसे घालवू नयेत.

आत लावल्यावर पहिल्या सोळा रात्री काय आलं तर उंदीर, मुंगूस, एक घोरपड, आणि एक कोल्हा, आणि त्या कोल्ह्याच्या बारा सेकंदाच्या व्हिडिओनं मला सगळं सांगितलं. रात्री 11 वाजून 20 मिनिटं. तो उत्तरेच्या तोंडातून आत येतो, दोन पावलं टाकतो, नाक खाली घालतो, पुढचा एक पाय उचलून तसाच धरतो, मग मान वर करून मोरीच्या दुसऱ्या टोकाकडे बघतो. आणि मागे फिरतो. दुसऱ्या दिवशी मी टॉर्च घेऊन आत गेलो. मधोमध केळीची कुजलेली खोडं, ठिबकच्या तुटक्या नळ्यांचे गुंडाळे, खताच्या गोण्या, कोंबडीच्या दुकानाची पिसं, अर्धवट जाळलेलं प्लास्टिक, असा कमरेइतका ढीग. पलीकडचा उजेडच दिसत नव्हता. आपण त्या जागी असतो तर आपणही वरूनच गेलो असतो, आणि वर ट्रक.

त्या रात्री झोप नीट लागली नाही. कारण त्या ढिगातल्या काही नळ्या आमच्याच मळ्यातल्या होत्या.

नानांना व्हिडिओ दाखवला. ते काही बोलले नाहीत, परत एकदा लाव म्हणाले, परत बघितला, आणि मग म्हणाले, "रविवारी ट्रॅक्टर घेऊन ये." रविवारी नाना, मी, भाचा, आमचा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी) आणि त्याच्या पाड्यावरची दोन पोरं, आम्ही दीड ट्रॉली घाण काढली. वरून जाणारे थांबून विचारायचे, "काय करून राह्यले रे भो, पाणी तुंबलं का?" सालदार पावरा आदिवासी आहे, डोंगरातलाच, तो सगळ्यांना एकच उत्तर देत होता की जनावराची वाट मोकळी करतोय. तो म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळी याच नाल्यानं अस्वल खाली यायचं, मोहाच्या दिवसात, आणि कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

साफ केल्यानंतर चौथ्या रात्री रानमांजर आली, मागे दोन पिल्लं. आई मधोमध थांबली, एक पिल्लू कॅमेऱ्याकडे आलं, लेन्सला नाक लावलं, फोटो पूर्ण धुरकट आलाय नाकाच्या वाफेनं, तो मी फ्रेम करून घरात लावलाय. त्या महिन्यात त्या मोरीतून सायाळ, उदमांजर, कोल्ह्याची जोडी, खोकड आणि ससे गेले. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याच चार किलोमीटरमध्ये मी एक रानमांजर आणि एक सायाळ मेलेले मोजले. एका मोरीचा आणि एका हिवाळ्याचा हिशोब आहे, यावरून मोठं काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण मेलेली दोन्ही आमच्या मोरीपासून लांब, दुसऱ्या नाल्याजवळ होती, आणि त्या नाल्याखालची मोरी आजही तुंबलेली आहे.

पावसाळ्यात कॅमेरा काढावा लागतो, खोक्यावर वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी नाला फुगला की तो वाहूनच जाईल. पण त्याआधी मृगाच्या पहिल्या पावसात एक गोष्ट दिसली, मोरीत वीतभर पाणी आलं की बारीक जनावरं आत येत नाहीत, तोंडाशी येऊन परत फिरतात. मग आम्ही एका भिंतीला लागून सपाट दगड रचून हातभर रुंदीचा कट्टा केला, पाण्याच्या पातळीच्या वर. खर्च शून्य, अर्धा दिवस गेला. पाऊस उघडल्यावर परत कॅमेरा लावला तर उदमांजर त्या कट्ट्यावरून असं सरळ चालत गेलं जसं काही त्याच्यासाठीच कोणी बांधून दिलाय. पाणी जाण्याच्या वाटेत दगड टाकताना मात्र जपून, मोरी पाण्यासाठी आहे हे विसरायचं नाही, एका कडेलाच आणि थोडंच.

एक जनावर मात्र या मोरीतून कधीच गेलं नाही, नीलगाय. पंधरा-पंधराचा कळप नाल्यानं येतो, मोरीच्या तोंडाशी उभा राहतो आणि चढून रस्त्यावर जातो. कळपानं राहणाऱ्या खुरांच्या जनावरांना समोरचं मोकळं दिसल्याशिवाय ती अंधाऱ्या बोगद्यात शिरत नाहीत. त्यांच्यासाठी मोरी पुरत नाही, पूल लागतो. आणि हे काही स्वप्नातलं नाही, आपल्याच महाराष्ट्रात झालंय. पेंचच्या जंगलातून जाणारा 44 नंबरचा नॅशनल हायवे चौपदरी करताना खालून जनावरांसाठी नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले तर 18 जातींचे जंगली प्राणी पुलाखालून जाताना सापडले, त्यात 11 वेगवेगळे वाघ. माझ्या हातातल्या याच प्रकारच्या डब्यानं ते सिद्ध झालं. आमच्या गावाच्या नाल्यावर कोणी 750 मीटरचा पूल बांधणार नाही हे मला माहीत आहे आणि माझी ती मागणीही नाही. पण जी मोरी आहे ती तरी राहावी.

ही नुसती रानमांजरांची गोष्ट आहे असं कोणाला वाटत असेल तर आपल्या खानदेशाकडे जरा नकाशावर बघा. यावल अभयारण्य 1969 चं, 177 चौरस किलोमीटरच्या आसपास. पूर्वेला मेळघाट आणि त्याला जोडून अंबाबरवा, मध्ये मुक्ताईनगर तालुक्यातलं वढोद्याचं जंगल, जिथे डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांमध्ये राहतात, 2014 मध्ये त्याला मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं. मेळघाटकडून यावलपर्यंत जनावर यायचं तर त्याला या सगळ्या तुकड्यांमधून, शेतांमधून, रस्ते आणि रूळ ओलांडत यावं लागतं. आणि ती येतात. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला, गळ्यात रेडिओ कॉलर लावलेला एक वाघ 2019 मध्ये निघाला आणि नऊ महिन्यांत 3000 किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला, तिथून आमचा मलकापूर रस्ता काही लांब नाही. 2021 मध्ये टिपेश्वरकडचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात पोचला, म्हणजे आपल्या चाळीसगावच्या पाटणादेवीच्या डोंगरात. चालण्याची ताकद त्यांच्यात आहे, प्रश्न रस्त्यावर चाकाखाली न येता पलीकडे जाण्याचा आहे.

आणि लक्ष न दिल्यानं काय होतं याचं उदाहरण आपल्याच शहाद्याचं आहे. रानपिंगळा हा घुबडातला पक्षी 1884 नंतर कोणाला सापडलाच नाही, नष्ट झाला असं धरलं गेलं, आणि 1997 च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या जंगलात तो सापडला. 113 वर्षं. दिवसा शिकार करणारा पक्षी आहे, लपून बसणारा नाही. आमच्या मोरीतून रोज रात्री तरस जात असेल हेही गावात कोणाला माहीत नव्हतं.

हो, तरस. ते सांगायचं राहिलं आणि खरं तर त्याच्यासाठीच हे लिहायला बसलो. गेल्या आठवड्यातला व्हिडिओ आहे. दिवसा पारा 45 च्या वर, नाल्याचे डोह केव्हाच आटलेले, आमची बोअर पण तासभर चालून बंद पडते, केळीचे घड उन्हानं सटकून खाली पडतायत. रात्री 2 वाजून 10 मिनिटांनी एक तरस उत्तरेकडून आत आलं. म्हातारं असावं, मागचा एक पाय ओढत चालतं, पट्टे पुसट झालेले. कुठेही न थांबता सरळ दक्षिणेला, तापीच्या बाजूला निघून गेलं. 4 वाजून 32 मिनिटांनी तेच परत आलं, तोच पाय ओढत, आणि तोंडाखालचे केस ओले, थेंब पडताना दिसतो. म्हणजे खाली कुठेतरी, कोणाच्या तरी ठिबकच्या गळतीवर नाहीतर हौदावर पाणी पिऊन डोंगरात परत चाललं होतं. त्यानंतर सहा रात्रींतून पाच रात्री आलंय, वेळ जवळपास तीच.

आधी हे नाले उन्हाळ्यातही डोहा-डोहानं पाणी धरायचे, नाना सांगतात की ते लहान असताना गुरं वैशाखात नाल्यावरच पाजायचे. आता उन्हाळा लवकर लागतो, पाऊस येतो तो एकदम कोसळतो आणि वाहून जातो, विहिरी आणि बोअर वर्षावर्षाला खोल चालल्यात. वरचं पाणी आटलं की जनावर खाली उतरणारच, आणि खाली हिरवं आणि थंड काय तर केळी. म्हणजे उष्णता जितकी वाढेल तितकं त्यांचं येणंजाणं वाढेल, आणि नेमक्या त्याच वर्षांत रस्ते रुंद होतायत, गाड्या वाढतायत, मध्ये काँक्रीटचे डिव्हायडर येतायत ज्यावरून सायाळ काय, कोल्ह्याचं पिल्लूसुद्धा उडी मारू शकत नाही, दोन गाड्यांच्या मध्ये अडकून पडतं. वनखातं उन्हाळ्यात पाणवठ्यांमध्ये टँकरनं पाणी टाकतं ते चांगलंच आहे, पण पाणवठ्यापर्यंत जायला वाट पाहिजे ना?

कॅमेऱ्यानं आणखी एक दाखवलं जे मला आधी माहीत नव्हतं. आमच्या मळ्याला वाऱ्यासाठी कडेनं शेवरी आणि गजराज गवत लावलंय, सगळेच लावतात, केळीला वादळ आणि गरम झोत सोसत नाही. ती शेवरीची ओळ नाल्यापासून मोरीच्या तोंडापर्यंत येते. पलीकडच्या बाजूला शेजाऱ्यांनी नाल्याकाठ जेसीबीनं साफ करून सगळं उघडं केलंय. जनावरं शेवरीच्या आडून येतात आणि पलीकडे उघड्यावर निघण्याआधी मोरीच्या तोंडाशी बराच वेळ थांबून कानोसा घेतात, काही तर परत फिरतात. शेजाऱ्यांना आम्ही नुसते व्हिडिओ दाखवले, भाषण दिलं नाही, त्यांनी यंदा नाल्याकडची दोन सऱ्यांची जागा सोडून तिथे शेवरीचं बी टाकलंय. याच जागी काहीजण डुकरांसाठी तारेत सरळ लाईनचा करंट सोडतात, त्यात जनावरं मरतात आणि माणसंही, आमच्या भागात झालंय, ते करू नका, कायद्यानं गुन्हा आहे. बॅटरीवरचं झटका मशीन नीट अर्थिंग करून लावा आणि नाल्याचं पात्र तेवढं मोकळं सोडा, डुक्कर नाल्यानं निघून जाईल.

आता रस्त्याचं. रुंदीकरणाची मोजणी होऊन गेली, झाडांवर नंबर पडले. कच्च्या नकाशात आमच्या मोरीच्या जागी 900 एमएमचे तीन ह्यूम पाइप, म्हणजे काँक्रीटचे गोल नळ, दाखवलेत असं कळलं. पाणी त्यातून जाईल. तरस जाणार नाही. आम्ही ग्रामसभेत व्हिडिओ लावले, शाळेच्या प्रोजेक्टरवर, म्हाताऱ्या बाया पुढे येऊन बसल्या होत्या, रानमांजरीची पिल्लं तीनदा लावायला लावली. ठराव झाला, की आहे त्या आकाराची चौकोनी मोरीच ठेवावी, रस्ता रुंद झाल्यानं ती लांब होणार तर दोन पदरांच्या मधल्या पट्ट्यात वरून उजेड येईल अशी मोकळीक ठेवावी, आणि एका भिंतीला कट्टा बांधावा. ठराव, तारीख-वेळेसह फोटो आणि मेलेल्या जनावरांची माझी यादी असं सगळं संबंधित कार्यालयात दिलं, पोच घेतली. दोन हेलपाटे झाले, लेखी उत्तर अजून नाही. तिथल्या एका तरुण इंजिनिअरनं मात्र मोबाईलवर सगळे व्हिडिओ बघितले आणि स्वतः मोरी बघायला आला, वाकून आरपार गेला, हे मला फार बरं वाटलं. तारीख-वेळ छापलेला फोटो नसता तर आमचं म्हणणं कोणी दोन मिनिटंही ऐकलं नसतं, म्हणून नऊ हजार वसूल झाले असं मी म्हणतो.

तक्रारी. पहिल्या पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत वाफ धरली, विकणाऱ्याला वॉरंटीबद्दल अकरा ईमेल केले, दर वेळी नवीन माणूस पहिल्यापासून विचारायचा, शेवटी वॉरंटी संपल्याचं कळवलं. मी तो उघडून, दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून चालू केला. मुंग्या, ही दुसरी, डब्याच्या मागच्या फटीत घर करतात, महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करायचं. साधे अल्कलाईन सेल आमच्या उन्हात गळतात आणि आतल्या पट्ट्या खराब होतात, चार्जिंगचे चांगल्या प्रतीचे घ्या, मला एका चार्जिंगला पाच-सहा आठवडे मिळतात, व्हिडिओवर तीन. रात्रीचा प्रकाश 940 नॅनोमीटरवाला घ्या (खोक्यावर हा आकडा लिहिलेला असतो), 850 वाला लाल ठिपका दाखवतो, जनावरही बघतं आणि चोरही. लोखंडी खोका आणि कुलूप वेगळं घ्यावं लागतं, घ्याच.

तीन गोष्टी मात्र कळकळीनं सांगतो. जंगलात, अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय लावू नका. आमचा मोरीत आहे म्हणून लावण्याआधी आम्ही रस्ता खात्याला अर्ज दिला आणि वनपालांनाही सांगून ठेवलं. दुसरं, गावातल्या बाया पहाटे नाल्याकडे जातात, म्हणून लावण्याआधी घरोघरी सांगितलं, कॅमेऱ्याचं तोंड आतल्या बाजूला ठेवलं, पहाटे पाच ते सात तो बंद राहील असं सेटिंग केलं आणि मोरीवर पाटी लावली. हे न करता लावला तर तो काढून नाल्यात फेकला जाईल आणि तेच बरोबर होईल. तिसरं, बिबट्याचा किंवा वाघाचा फोटो आला तर ग्रुपवर जागा टाकू नका. आमच्याकडे माघात एकदा बिबट्या आला, तो फोटो फक्त नाना, मी आणि वनपाल यांनी बघितलाय.

पाचपैकी साडेतीन देतो. सर्व्हिस चांगली असती तर चार दिले असते. नुसते मळ्यातल्या चोरीसाठी घेत असाल तर घेऊ नका, सिमवाला वेगळा येतो तो बघा. पण पायथ्याला राहात असाल, तुमच्या शिवारातून नाला आणि त्यावरून रस्ता जात असेल, आणि रस्ता रुंद होणार असेल, तर चौघांत मिळून एक घ्या आणि मोजणीच्या आधी लावा. कोणाला आमचा आठ दिवस वापरून बघायचा असेल तर रावेर-यावल-चोपड्यापर्यंत मी स्वतः आणून लावून देईन, फक्त पावसाळ्याच्या आत कळवा.

शनिवारी सेल बदलायला जायचंय. मोरीच्या दक्षिण तोंडाशी परत दोन गोण्या कोणीतरी टाकून गेलंय, कार्डावर दिसल्या, नाना म्हणाले शनिवारची वाट बघू नको, तरस रात्री दोनला येतं, संध्याकाळीच उचलू.